पाणी उसळतं, गळ रिकामा येतो: नवशिक्यांनी टॉपवॉटर लुअर कसं निवडावं

तक्रार नेहमी एकच असते. पहाटेचं शांत पाणी, वर तरंगणारं टॉपवॉटर लुअर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायचं गळ लावलेलं खोटं आमिष, दोन-तीन टिचक्या, आणि एकदम खळ्ळकन पाणी फुटतं. बास हा शिकारी मासा आला, तोंड उघडलं, लुअर दिसेनासं झालं. आपण जीव खाऊन रॉड मागे ओढतो आणि लुअर सणसणत आपल्याच दिशेनं परत येतं. एकदा झालं तर सोडून द्यावं. पण सकाळभरात पाच झडपा, पाचही रिकाम्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच, असं झालं की माणूस लुअरला दोष देतो आणि नवं विकत आणतो. नव्यावरही तेच होतं.

मी बरीच वर्षं बाससाठी गळ टाकतोय आणि ओळखीतल्या नवख्यांना हाताशी धरून शिकवतोय. या तक्रारीच्या मुळाशी मला बहुतेक वेळा दोन चुका दिसतात. पहिली म्हणजे डोळ्यांनी पाहून हिसका मारणं. दुसरी म्हणजे सुरुवातीलाच असं लुअर हातात घेणं, जे चालवायला मनगट तयार लागतं. दुसरी चूक पहिलीला खतपाणी घालते. सगळं लक्ष लुअर नाचवण्यात गेलेलं असतं, त्यामुळे मासा हाताला जड लागला की नाही हे कळायला जागाच उरत नाही. म्हणून पहिलं टॉपवॉटर लुअर निवडताना मी एकच गोष्ट बघतो: नुसतं रीळ फिरवलं तरी ते नीट काम करतं का?

रंग, डोळे, पिसं, खोक्यावरचं चित्र हे सगळं त्यानंतर.

आधी बघा, मासा सुटला कसा

बास भक्ष्याला चावून पकडत नाही, तो ते गिळतो. झडपेच्या क्षणी तो जबडा आणि कल्ले एकदम फाकवतो, तोंडात पोकळी तयार होते आणि समोरचं पाणी भक्ष्यासकट आत खेचलं जातं. हे पापणी लवायच्या आत उरकतं. आता या वेळी दोरी ताठ ओढलेली असेल, तर लुअर पाण्याबरोबर आत जायला अडतं. आणि आपण उसळी दिसताक्षणी हिसका मारला, तर ते उघड्या तोंडातूनच बाहेर येतं. आपल्याला दिसते ती उसळी म्हणजे मासा पाण्याबाहेर फुटल्याची खूण. लुअर तोंडात गेलं आणि तोंड मिटलं, याची ती खूण नाही.

गेल्या मोसमात माझा भाचा बरोबर होता. पॉपर, म्हणजे टिचकी दिली की आवाज करणारं लुअर, बांधून दिला होता. तिसऱ्या फेकीला झडप आली, त्यानं ओढलं, पॉपर त्याच्या टोपीवरून मागच्या झुडपात गेला.

"मामा, मासा आला होता! खरंच आला होता!"

"पाहिला मी. हाताला जड लागला का?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "नाही. हाताला काहीच लागलं नाही."

त्या उत्तरातच त्याच्या घोळाचं निदान होतं. पुढच्या फेकींना मी त्याला पाण्याकडे बघूच दिलं नाही. पाठ अर्धी पाण्याकडे, नजर समोरच्या झाडावर, तर्जनी दोरीवर. "आवाज आला तरी हलू नकोस. दोरीनं बोट ओढलं की मगच रॉड आडवा घे." दोन झडपा अशाच गेल्या, त्यानं हात रोखला, लुअर तसंच तरंगत राहिलं. तिसऱ्या वेळी बोटाखालची दोरी सरकली आणि मासा लागला. हा उपाय तुम्हीही करून बघा. पोरखेळ वाटेल, पण एका सकाळीत सवय मोडते.

पण प्रत्येक सुटलेला मासा याच कारणानं सुटत नाही, म्हणून खुणा नीट बघायला हव्यात.

हाताला काहीच लागलं नाही आणि लुअर हवेत उडालं किंवा बाजूला फेकलं गेलं, तर एक तर तुम्ही घाई केलीत, नाहीतर मासा मुळात खायला आला नव्हता. दुसरी शक्यता विणीच्या काळात फार. नर बास घरटं आणि पिल्लं राखतो, आणि वरून काही गेलं की ते हाकलण्यासाठी धडक देतो, तोंडात घेतच नाही. अशा माशाला पुन्हा पुन्हा छेडू नये, त्याला पिल्लांपाशी राहू द्यावं. तुमच्या पाण्यावर त्या काळात मासेमारीला बंदी असेल तर प्रश्नच मिटला.

हाताला जड लागलं, रॉड वाकला, मासा उडी मारून सुटला, तर हिसक्याची वेळ बरोबर होती. दोष गळाच्या टोकात, रॉडच्या ताठरपणात किंवा उडीच्या वेळी सैल पडलेल्या दोरीत शोधा.

लुअरमागे पाण्याची फुगवटी येते, भोवरा उठतो आणि मासा वळतो, तर त्याला तुमचं लुअर मोठं, जोरदार किंवा एकसुरी वाटतंय.

आणि काहीच झालं नाही, तर बहुधा वेळ चुकली आहे. त्याकडे शेवटी येतो.

पहिलं लुअर: जे रिळावर चालतं

माझ्या मते नवख्याच्या हाती सगळ्यात आधी शेपटी फिरणारं लुअर द्यावं. पुढचं अंग माशासारखं, मागची शेपटी स्वतंत्र फिरते आणि पाण्यावर टप-टप-टप आवाज करत जाते. या प्रकारातलं सर्वांना माहीत असलेलं नाव म्हणजे रिव्हर टू सी कंपनीचं व्हॉपर प्लॉपर, लॅरी डाहलबर्ग यांनी रचलेलं. फेका, सैल दोरी गुंडाळा, एका चालीनं रीळ फिरवत राहा. बस. ओढ सतत असल्यामुळे झडप आली की दोरी हातात असतेच आणि जडपणा लगेच जाणवतो. मासा चुकला तरी रीळ थांबवायचं नाही, तोच मासा पुष्कळदा पुन्हा येतो. याहून मोठा फायदा म्हणजे रीळ फिरवण्यात हात गुंतलेला असतो, त्यामुळे दचकून मारलेला हिसका आपोआप कमी होतो.

आकार 90 मिलिमीटरचा घ्या, साधारण 14 ग्रॅमचा. त्याहून मोठे आकार मोठे मासे उठवतात, पण ते फेकायला ताकदीचा रॉड लागतो आणि लहान बास त्यांना नुसत्या धडका देऊन जातात.

यात घोळ होतात ते असे. शेपटी फिरत नसेल तर नव्वद टक्के वेळा सांध्यात शेवाळाचा एखादा धागा अडकलेला असतो. प्रत्येक फेकीनंतर अंगठ्यानं शेपटी फिरवून बघायची सवय लावा. लुअर एका कुशीवर लवंडत असेल तर वेग जास्त आहे. शेपटीचा आवाज ऐकू येतोय पण ती एकेक ठोका वेगळा मोजता येईल एवढीच फिरतेय, हा सुरुवातीचा वेग. तिथून थोडं थोडं वाढवत जा आणि मासा कुठल्या वेगाला येतो ते लक्षात ठेवा. एकाच सकाळी हा वेग बदलतो, हे अनुभवानं सांगतो.

याच जातीतलं जुनं लुअर म्हणजे जिटरबग. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन इथल्या फ्रेड आर्बोगास्ट यांचं. तोंडावर रुंद धातूचा पत्रा, सरळ ओढलं की ते डावी-उजवीकडे डुलत, गुड-गुड करत येतं. अंधारात, मासा फक्त आवाजाच्या रोखानं येतो तेव्हा मला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही वाटत नाही. चाल एकसारखी असल्यानं माशाला नेम धरता येतो. डुलणं एका बाजूला झुकलं तर तोंडाचा पत्रा वाकलाय, तो दोन्ही बाजूंनी सारखा आहे का ते समोरून बघून हलक्या हातानं सरळ करा.

बझबेट, म्हणजे पाणी कापणारं फिरतं पातं असलेलं लुअर, हेही रिळावरच चालतं, तरी मी ते पहिलं देत नाही. ते तरंगत नाही. थांबलात की बुडतं. ते पाण्याला टेकायच्या आधीच रीळ लावून रॉडचं टोक वर ठेवावं लागतं, म्हणजे पातं लगेच पाणी कापायला लागतं. ही वेळ साधायला थोडा सराव हवा. पण विरळ गवतात, तिहेरी गळ अडकतील अशा जागी, त्याचा एकेरी गळ फार कामाला येतो. बझबेटवर मासे चुकत असतील तर त्याच गळाला मागून आणखी एक मोकळा गळ जोडा, रबराच्या बारीक चकतीनं तो सुटणार नाही असा बसवा. अर्धवट तोंड लावणारे मासे त्यावर सापडतात.

दुसरं लुअर: पॉपर

पॉपरचं तोंड खोलगट वाटीसारखं असतं. टिचकी दिली की त्यात पाणी धरलं जातं आणि बुडबुड्यांसह 'पॉप' असा आवाज निघतो. आकारानं लहान, 6 ते 7 सेंटीमीटर आणि सुमारे 7 ग्रॅमचा पॉपर नवख्याला पुरतो. फेकायला हलका आहे, म्हणून जाड दोरी आणि दणकट रॉडवर तो लांब जाणार नाही. स्पिनिंग रीळ आणि मध्यम रॉड असेल तर छान.

सगळ्यात जास्त चूक होते ती जोरात. नवशिका पॉपरला असा झटका देतो की तो पाण्यातून उडतो, उलटा पडतो आणि पुढचा गळ दोरीला गुंडाळतो. पॉपरला टिचकी हवी, ओढ नको. रॉडचं टोक पाण्याकडे खाली, दोरीत थोडी सैल, मनगटातून दोन बोटांइतकी हालचाल, लगेच टोक परत लुअरकडे नेऊन सैल द्यायची. तुम्ही उंच बांधावर किंवा होडीत उभे असाल आणि टोक वर धरलं असेल, तर दोरी पॉपरचं नाक वर उचलते आणि वाटी पाणी धरतच नाही. मग आवाज निघत नाही आणि माणूस आणखी जोर लावतो.

आणि थांबा. पॉपरचं खरं काम थांबण्यात आहे. टिचकीनंतर उठलेली वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत वाट बघा. शांत, स्वच्छ पाण्यात मी मनात दहापर्यंत मोजतो. बास बहुतेक वेळा या थांब्यातच येतो, कारण तोपर्यंत तो खाली येऊन उभा राहिलेला असतो आणि वर बघत असतो. एकदा अगदी काठाशी, उथळ पाण्यात, मला हे स्पष्ट दिसलं. पॉपर थांबला, एक मासा बुडख्यामागून सरकत आला, लुअरखाली वीतभर अंतरावर थबकला. पंख तेवढे हलत होते. मी काहीच केलं नाही. पॉपरच्या मागच्या गळाला बांधलेली पिसं पाण्यात नुसती उमलली-मिटली, आणि त्यानं आवाजही न करता ते आत ओढलं. पाण्यावर एक छोटासा खळगा पडला, एवढंच. मोठे मासे कितीदा असे अलगद घेतात, म्हणून नुसत्या खळग्यावरही दोरीकडे लक्ष ठेवा.

ती पिसं काढू नका. झिजली तर पिसं लावलेला तिहेरी गळ नवा घाला. माशानं मागून तोंड लावायचं ठिकाण तेच असतं. मात्र गळ बदलताना आकार आणि जाडी आधीच्याइतकीच ठेवा. जड गळ लावला की पॉपरची शेपटी बुडते, वाटी आकाशाकडे बघते आणि आवाज बसतो. घरी बादलीभर पाण्यात सोडून बघितलं तरी हे कळतं.

घाई करू नये असं लुअर: चालणारी कांडी

ज्याला वॉकर किंवा स्टिकबेट म्हणतात, ते सिगारसारखं गुळगुळीत लुअर. तोंडाला वाटी नाही, पत्रा नाही, पातं नाही. झारा स्पूक हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, हेडन कंपनीचं, 1939 पासून बाजारात असलेलं. नीट चालवलं तर ते पाण्यावर डावी-उजवीकडे नागमोडी सरकत येतं आणि खोल, स्वच्छ पाण्यातूनही मासे वर ओढून आणतं. मोठा स्मॉलमाउथ, म्हणजे बासचाच एक प्रकार, तर यावर वेड्यासारखा येतो.

पण त्याची सगळी चाल तुमच्या हातातून यावी लागते. नुसतं ओढलं तर ते काडीसारखं सरळ येतं. म्हणून पहिल्या मोसमात हे घेऊ नका असंच मी सांगतो, आणि ज्यांनी घेतलंय त्यांच्या तक्रारी जवळजवळ सारख्याच असतात. "सरळच येतंय" म्हणजे टिचकीनंतर सैल मिळत नाहीये. टिचकीनं नाक वळतं, मग दोरी सैल असेल तरच लुअर त्या बाजूला सरकत जातं. ती सरकण संपता संपता पुढची टिचकी. रीळ फक्त उरलेली सैल गोळा करण्यापुरतं फिरवायचं. नाकाला घट्ट गाठ मारली असेल तरी चाल बसते. तिथे कडी असावी, नाहीतर सैल फासाची गाठ मारावी, म्हणजे नाक मोकळं वळतं.

शिकायचं असेल तर मासे नसतील अशा दुपारी, काठाजवळ, दहा-पंधरा फुटांवर टाकून शिका. मासा येईल या आशेनं शिकणाऱ्याचा हात कायम ताठ राहतो.

झाडोरा, कमळाची पानं आणि फ्रॉग

तुमचं पाणी गच्च शेवाळलेलं, पानांनी झाकलेलं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिहेरी गळ असलेलं कुठलंही लुअर तिथे दर फेकीला पालापाचोळा घेऊन येईल. तिथे पोकळ अंगाचा रबरी फ्रॉगच लागतो. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. मासा दाबतो तेव्हा अंग चेपतं आणि गळ उघडे पडतात.

फ्रॉगवर चुकण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, आणि त्याचं कारण याच रचनेत आहे. अंग कडक असेल तर चेपत नाही. नवा फ्रॉग चिमटीत दाबून बघा, गळांची टोकं सहज बाहेर यायला हवीत. येत नसतील तर काही मिनिटं गरम पाण्यात ठेवून अंग मळून मऊ करा, आणि पक्कडीनं दोन्ही टोकं अगदी किंचित, केसभर, बाहेर वळवा. जास्त वळवलीत तर पुन्हा गवत अडकायला लागेल. अंगात पाणी शिरलं की तो बुडतो. दर पाच-सहा फेकींनी दाबून पाणी काढा.

इथे हिसक्याचा नियमही वेगळा. उसळी आली की रॉड खाली करून सैल गोळा करायची, वजन जाणवू द्यायचं आणि मग पूर्ण ताकदीनं मारायचं, कारण जाड गळ घुसवायचाय आणि मासा पानांच्या जाळ्यातून बाहेर काढायचाय. त्यासाठी ताठ रॉड आणि 50 ते 65 पाउंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी लागते. हलक्या सामानावर फ्रॉग टाकणं म्हणजे माशाच्या तोंडात लुअर सोडून येणं, आणि ते माशासाठी वाईट आहे. असं सामान नसेल तर फ्रॉगच्या मागे लागू नका, गवताच्या कडेनं प्लॉपर किंवा बझबेट चालवा. कडेलाही भरपूर मासे असतात.

दोरी चुकली की लुअर चुकतं

ही बाब लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि मला ती सगळ्यात आधी तपासावीशी वाटते. फ्लुओरोकार्बन या प्रकारची दोरी पाण्याच्या पावणेदोन पट घन असते, ती बुडते. पॉपर थांबला की ही दोरी खाली जाते आणि त्याचं नाक ओढून पाण्यात नेते. "माझा पॉपर आवाज करत नाही" या तक्रारीत मी पहिला प्रश्न दोरीचा विचारतो, आणि पुष्कळदा उत्तर हेच निघतं.

नायलॉनचा साधा तंगूस, म्हणजे मोनो, पाण्याहून जरासाच जड. तो फार हळू बुडतो आणि वरच्या कामाला चालतो. शिवाय तो ताणला जातो. घाईनं मारलेला हिसका या ताणात थोडा विरतो आणि तिहेरी गळ माशाच्या तोंडातून फाटून येत नाही. नवशिक्याला मी 12 ते 15 पाउंडांचा मोनोच देतो. लहान पॉपरला 10 चालतो.

विणलेली दोरी पाण्याहून हलकी, ती तरंगते आणि लांब फेकीला उत्तम. पण ती सुतासारखी लोळते आणि थांब्यात पुढच्या गळाला वेटोळे घालते. त्यावर उपाय म्हणजे पुढे हातभर मोनोचा तुकडा जोडणं. त्याचा ताठपणा दोरीला गळापासून लांब ठेवतो. ही दोरी ताणत नाही, म्हणून तिच्यावर हिसका न मारता नुसता रॉड बाजूला झुकवत रीळ फिरवायचं.

रॉडबद्दल थोडक्यात: तिहेरी गळांच्या लुअरला पावणेसात-सात फुटांचा, मधूनही थोडा वाकणारा मध्यम रॉड घ्या. फारच ताठ रॉड उडी मारणाऱ्या माशाचे गळ उखडतो. मासा उडी मारायच्या बेतात दिसला की टोक पाण्याकडे न्या आणि दोरी सैल पडू देऊ नका.

गळाची धार नखावर तपासा. टोक अंगठ्याच्या नखावरून हलकं ओढलं की ते रुतायला हवं. घसरलं तर बोथट आहे. दगडाला किंवा लाकडाला एकदा घासलेला गळसुद्धा बोथट होतो. खोक्यातून नवं काढलेलं लुअरही तपासून घ्यावं, कारण स्वस्तातल्या लुअरचे गळ बरेचदा मुळातच मऊ असतात. लुअर चांगलं वाटत असेल तर गळ बदलून वापरा.

आणि चष्मा. चुकलेल्या हिसक्यानंतर सहा टोकं तुमच्या चेहऱ्याच्या रोखानं येतात. पोलराइज्ड चष्मा घातल्याशिवाय मी कोणाला टॉपवॉटर फेकू देत नाही, लहान मुलांना तर नाहीच. मासा सोडवायला लांब नाकाची पक्कड हाताशी असावी. गळांचे उलटे दात पक्कडीनं आधीच दाबून टाकले तर माशालाही कमी त्रास आणि तुमच्या बोटालाही.

मागे येतो, पण घेत नाही

लहान लुअर, लांब थांबा, कमी आवाज, या क्रमानं जा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. पाणी काचेसारखं असेल तर प्लॉपर खोक्यात ठेवून पॉपर बांधा. वाऱ्यानं लाटा उठल्या की उलट करा, कारण पॉपरचा आवाज त्यात हरवतो.

रंगावर मी फार वेळ घालवत नाही. मासा खालून बघतो, त्याला प्रामुख्यानं आकाशासमोरची आकृती आणि पोट दिसतं. पांढरट हाडाच्या रंगाचं एक, काळं एक, दोन पुरेत. काळं पहाटे, रात्री आणि दाट ढगांत.

काहीच येत नाही

पाणी साधारण 15-16 अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वरच्या लुअरवर वेळ घालवू नका. थंडीत बास इतकं अंतर धावून वर येत नाही. उन्हाळ्यात सूर्य उगवण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरचा तास, तसाच मावळतीचा. बासला पापण्या नसतात, आणि कडक उन्हात तो सावलीत किंवा खोल सरकतो. ढगाळ दिवशी मात्र दुपारीही सोडू नका. उन्हातही टाकायचंच असेल तर धक्क्याखालची, झुकलेल्या फांदीखालची सावली शोधा आणि लुअर सावलीच्या आत पडू द्या, कडेला नाही.

एक तयारी मी प्रत्येकाला करायला लावतो. दुसरा रॉड बांधून शेजारी ठेवायचा, त्यावर वजन न लावलेला मऊ रबरी किडा, बोटभर लांबीचा. झडप आली, मासा चुकला, लुअर तिथेच सोडून दोन-तीन टिचक्या दिल्या (प्लॉपर असेल तर थोडं रीळ फिरवत राहिलात), तरी आला नाही, तर ताबडतोब दुसरा रॉड उचलून किडा त्याच वर्तुळात टाकायचा आणि तो बुडताना दोरीकडे बघायचं. भाच्यानं परवा हेच केलं. प्लॉपरवर मोठी उसळी आली, गळ रिकामा. त्यानं हिसका मारला नव्हता. प्लॉपर तसाच तरंगत सोडून त्यानं रॉड मांडीला टेकवला, दुसरा उचलला, किडा विरत चाललेल्या वर्तुळाच्या कडेला पडला. मी काही बोललो नाही. दोरी सरळ खाली चालली होती. ती थांबली, आणि मग पाण्यावर एक रेघ काढत बाजूला सरकायला लागली.

"मामा..." तो हळूच म्हणाला, "बोट ओढलं जातंय."